चहाच्या दुकानापासून दारापर्यंत

सोमवार, २ फेब्रुवारी

चिठ्ठ्या लिहायला बसले. एकोणचाळीस! दरवर्षी ठरवते की यंदा छापून घ्यायच्या, आणि दरवर्षी हातानेच लिहिते. बोटं आखडली.

'नंबर सात. काजं-बटणं. वय एकोणीस. लग्न ठरलेलं.' 'नंबर बावीस. कापणी. वय चाळीस. तीन मुलं. कमी ऐकू येतं.' 'नंबर छत्तीस. मुकादम. स्वभाव तापट, पण आजाऱ्याला घरी सोडतो.'

तेरा तारखेला नववीला घेऊन जुन्या शिलाई कारखान्यात जायचं आहे. शेहेचाळीस वर्षांपूर्वी तिथे आग लागली. दाराला बाहेरून कुलूप होतं, सतरा बायका गेल्या. आता तिथे स्मारक आहे. पाठ्यपुस्तकात हे सगळं दीड ओळीत उरकलंय आणि खाली प्रश्न — 'कारणे लिहा'! म्हणून मी मुलांना तिथे नेते. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, दिवसभर तो माणूस व्हायचं, त्याच्या जागी बसायचं आणि परत आल्यावर एक पान लिहायचं. त्या दिवशी मी काय केलं, का केलं.

कारखान्याच्या त्या दिवशीच्या हजेरीपुस्तकात नावं चाळीस आहेत. मी चिठ्ठ्या एकोणचाळीसच करते. गेली एकवीस वर्षं.

चाळीस नंबर शेजारच्या खोलीत बातम्या बघतोय. आवाज कमी करा म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

काल ते वाक्य लिहिलं आणि घाईघाईने वही मिटली. स्वतःच्या रोजनिशीतही मूग गिळून बसायचं म्हणजे कमालच झाली. लिहून टाकते.

बाबा त्या कारखान्याचे पहारेकरी होते. पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कुलूप घालायचं, हा मालकांचा नियम. का, तर म्हणे बायका शिवलेले सदरे कपड्यांत लपवून नेतात! आग लागली तेव्हा बाबा समोर चहाच्या दुकानात होते. धोक्याची घंटा कधी वाजली आणि दार कधी उघडलं, दोन्ही वेळा चौकशी अहवालात आहेत. मध्ये बारा मिनिटं. आणि त्याखाली एक वाक्य — 'पहारेकरी जागेवर नव्हता.'

मी सहा वर्षांची होते. महिन्याभरात आम्ही ते शहर सोडलं, इथे आलो. बसने दोन तासांवर. आईने एकदाच सांगितलं होतं, घरात हा विषय काढायचा नाही. आईला जाऊन दहा वर्षं झाली. विषय अजून कुणी काढलेला नाही.

माझं लग्न अडीच वर्षं टिकलं. नवरा सोडून गेला, त्याचं आडनाव मी ठेवून घेतलं. ते कामाला आलं. शाळेत कुणालाही संशय नाही.

एका घरात दोन माणसं आणि दिवसाला वीस वाक्यं. 'वाढू?' 'वाढ.' 'गोळी घेतलीत?' 'घेतली.' शाळेत सहा तास बोलून माझा घसा बसतो आणि घरी आलं की आपोआप बरा होतो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं!

एकोणचाळीस चिठ्ठ्या आणि वर्गात मुलं चाळीस. दिवाणखान्यातल्या बाहुलीसारखी बसते म्हणून ती नवी मुलगी माझ्या लक्षातच राहिली नव्हती. डिसेंबरात आली. सगळे तिला 'नवी'च म्हणतात, मीसुद्धा. शेवटच्या बाकावरून ती डब्यापाशी आली, आत हात घातला, डबा रिकामा.

मी म्हटलं, तू निरीक्षक हो, सगळ्यांच्या नोंदी घे. तोंडाला आलं ते बोलले. वाटलं, सुटले.

ती जागेवर गेली नाही. फळ्याशेजारी हजेरीपुस्तकाची छायाप्रत लावली होती, तिथे जाऊन बोट ठेवून मोजायला लागली. दरवर्षी मी पहिली तीनच पानं लावते. यंदा स्मारकातून नवी प्रत आली, टाचलेली, आणि मी न बघता चारही पानं लावून मोकळी झाले. एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलेलं, आणि एका टाचणीने घात केला.

'बाई, इथे चाळीस नावं आहेत. पहारेकऱ्याची चिठ्ठी राहिली.'

मी म्हटलं, त्याचं नाव नीट वाचता येत नव्हतं गं, म्हणून नाही केली. ती परत पानाकडे वळली आणि जराही आवाज न चढवता म्हणाली, 'वाचता येतंय बाई.'

आणि तिने वाचलं. मोठ्याने. माझ्या वडिलांचं नाव माझ्या वर्गात. खडू हातातून पडला, आणि तो उचलायला वाकले ती वाकूनच राहिले. मुलांना वाटलं, मला चक्कर आली. दोघी पाणी घेऊन धावल्या. गुणी आहेत.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

नीतिशिक्षणाचा तासही माझ्याकडेच असतो. आजचा धडा — 'खरे बोलण्याचे धैर्य'. आजारी आहे असं कळवलं आणि घरी राहिले.

रविवार, ८ फेब्रुवारी

दादाचा फोन. महिन्यातून एकदा, सात-आठ मिनिटं. बाबांची चौकशी करतो ती अशी — 'ते बरे आहेत ना?' 'ते'! बाबा म्हणत नाही. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळेत पोरांनी त्याचं काय केलं ते तो कधी सांगत नाही. मला सहाव्या वर्षी काय कळणार होतं! त्याला सगळं कळत होतं.

नवीचं सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, लोक केव्हाच विसरलेत. दरवर्षी वर्गभर पोरं नेऊन आठवण करून देणारी तूच, आणि एक नाव गाळणारीही तूच. एक काय ते ठरव ना.

मला राग आला. म्हटलं, तू लांब जाऊन बसलास, तुला बोलायला काय जातं. तो म्हणाला, तू तरी कुठे जवळ आहेस? मी फोन ठेवला. मग दुपारभर तेच डोक्यात. माझी खोली आणि बाबांची खोली यांच्यात फक्त एक भिंत आहे, तीही विटांची नाही, फळ्यांची. ते कूस बदलतात ते कळतं मला. आणि दादा म्हणतो ते खरं आहे.

संध्याकाळी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसले. दोघांनी मिळून हवामानाचा अंदाज बघितला. उद्या कोरडं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत नवी शिक्षकखोलीच्या दारात. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी.

निरीक्षक व्हायचं नाही म्हणाली. पहारेकरीच व्हायचंय. मी सतरा कारणं दिली. त्याच्याबद्दल माहिती कमी आहे, अहवालात एकच वाक्य आहे, पान भरणार नाही, गुण जातील. सगळं ऐकून घेतलं पोरीने. मग म्हणाली, 'सगळ्यात अवघड चिठ्ठी तीच आहे ना बाई? मग तीच का काढून टाकली?'

भूगोलाच्या बाई मागून फिसकन हसल्या. मला हसू आलं नाही.

कागद फाडला, लिहून दिलं — 'नंबर चाळीस. पहारेकरी. वय छत्तीस. बायको, दोन मुलं.' दोन मुलं लिहिताना हात थांबला, तिच्या लक्षात आलं नसावं. जाता जाता विचारते कशी, तो माणूस अजून आहे का?

'माहीत नाही,' म्हटलं.

चौदा वर्षांच्या मुलीला! तेही सहज, पापणी न हलवता. मला वाटायचं, मी फक्त एक नाव गाळलंय. तसं ते गेल्या आठवड्यापर्यंत नुसतं गाळलेलंच होतं. आज मी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

उद्या सहल. बाबांना सांगितलं, यायला उशीर होईल, जेवण झाकून ठेवते. कुठे, म्हणून त्यांनी विचारलं नाही. एकवीस वर्षांत कधीच विचारलेलं नाही. मला वाटतं त्यांना माहीत आहे. आणि मला तसं वाटतं हे त्यांना माहीत आहे. असा आमचा कारभार!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पाय मोडून आलेत, तरी आजचं आजच लिहिते.

मावशी दारातच उभ्या होत्या. या नंबर अकरा. मागच्या खिडकीतून उडी मारून वाचलेल्या. तेव्हा बावीस वर्षांच्या, आता अडुसष्ट, एक पाय अजून ओढत चालतात. स्मारक दाखवायचं काम त्याच करतात. नंबर अकराची चिठ्ठी ज्या मुलाला मिळाली होती, त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, चालेल, पण मी दिसायला बरी होते हो. सगळा वर्ग हसला. जागेचं दडपण असं त्या एका वाक्यात उतरवतात.

मग मुलं यंत्रांपाशी बसली. मावशींनी काजं कशी करायची ते दाखवलं. तासभर कापड धरून बसल्यावर एकेकाच्या माना अवघडल्या. नंबर बावीसने कानात कापूस घातला होता, तिला हाका ऐकू येईनात, म्हणून मुकादम झालेला मुलगा खरंच चिडला. चिडला आणि मग स्वतःच वरमला. यासाठी मी यांना इथे आणते. हे वर्गात शंभर वर्षं शिकवून होत नाही.

नवी मावशींच्या मागे-मागे. पहारेकरी कसा होता, खोदून खोदून विचारत होती. मी लांबून ऐकत होते, ऐकू येऊ नये असं वाटत होतं आणि एक शब्द चुकू नये असंही. मावशी म्हणाल्या, माझं बाळ चार महिन्यांचं होतं. नणंद त्याला दाराशी घेऊन यायची. हा हळूच कुलूप काढायचा आणि मला पाजायला सोडायचा. मालकसाहेबांना कळतं तर त्याची नोकरी गेली असती. 'जा, पण लवकर ये हं, नाहीतर माझं काही खरं नाही,' असं म्हणायचा.

नवीने विचारलं, तुम्हाला त्याचा राग नाही येत?

'चहाला गेला गं बिचारा,' मावशी म्हणाल्या. 'माणूस चहाला जाणारच की.'

मी नळावर जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

नंतर 'तीन मिनिटं'. हे मीच कधीतरी सुरू केलं. दार लोटून घ्यायचं, कुलूप नाही, नुसतं लोटायचं. घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी तीन मिनिटं आत गप्प बसायचं. बाहेर दरवर्षी मी उभी असते, घड्याळ हातात घेऊन. पहारेकऱ्याची चिठ्ठी कुणाकडे नसतेच ना! आज ती नवीकडे होती. ती म्हणाली, तो तर चहाला गेला होता, मी दारात कशी उभी राहू? दुकान कुठे होतं? मावशींनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे आता सायकलदुरुस्ती आहे. नवी तिकडे गेली.

दाराबाहेर कुणीच असायला नको, म्हणून मी आत. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. दार लोटलं, अंधार झाला नाही, धूर नाही, काही नाही, तरी मी नकळत दाराकडे सरकले. चाळीस जणांच्या श्वासांचा आवाज येतो तिथे.

अर्धं मिनिट झालं असेल नसेल, धाडकन दार उघडलं. नवी, धापा टाकत. पोरं ओरडली, तीन मिनिटं थांबायचं असतं, तुला कळत नाही का? ती म्हणाली, मी थांबलेच नाही, मी घंटा ऐकून निघाले आणि पोचले. बावन्न पावलं आहेत.

कुणाला पटेना. मग ती परत गेली आणि चालत आली. परत गेली आणि मुद्दाम रेंगाळत आली. मुकादम घड्याळ लावून उभा. सगळ्यात हळू आली तेव्हा दीड मिनिट.

'बाई, तिथून दार दिसतं. घंटा ऐकू येते. मग बारा मिनिटं तो कुठे होता?'

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मावशीही. मी म्हटलं, अहवालात नाही. हे एवढं तरी खरं होतं.

दोन पदव्या, आदर्श शिक्षिकेचं प्रशस्तिपत्र, 'स्थळ हेच पुस्तक' या विषयावर चार भाषणं! आणि मी तो रस्ता एकदाही ओलांडला नव्हता.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सुट्टी. तीन वेळा बाबांच्या दारापर्यंत गेले. एकदा टॉवेल द्यायला, एकदा पडदा ओढायला, एकदा काही कारण सुचलं नाही म्हणून नुसतीच.

'काय गं?'

'काही नाही.'

सोमवार, १६ फेब्रुवारी

पानं आली. नंबर सातने होणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहिलंय. मुकादमाने लिहिलंय की त्याला सगळ्यांची माफी मागायची आहे, कशाबद्दल ते अजून कळत नाही. वाचताना हसले, मग डोळे पुसले.

नवीचं पान शेवटी ठेवलं होतं. सकाळी कुलूप लावलं, नंबर अकराला पाजायला सोडलं, भीती वाटली तरी सोडलं, घरी दोन मुलं आहेत त्यांची आठवण आली — सगळं साधं, नेमकं. मग 'घंटा झाली. मी उठलो.' त्यानंतर अर्धं पान कोरं. अगदी तळाशी बारीक अक्षरात —

'ही बारा मिनिटं मला माहीत नाहीत. मनाने काही लिहिलं तर त्या माणसावर अन्याय होईल, नाहीतर त्या बायकांवर. ज्याला माहीत आहे त्याने लिहावं.'

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, अर्धं पान कोरं? मग गुणही अर्धेच द्या. मी गुण दिलेच नाहीत. पान घडी करून पिशवीत टाकलं आणि घरी आणलं. एकवीस वर्षांत असं पान कुणी दिलं नव्हतं. मीही कधी लिहिलं नव्हतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

वाचून दाखवलं.

संध्याकाळी टीव्ही बंद केला. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, बाबा, मी दरवर्षी मुलांना घेऊन कारखान्यात जाते. हे म्हणायला मला एकवीस वर्षं लागली आणि म्हणायला लागला एक क्षण. मग मी पान काढलं. नंबर अकरापाशी आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. 'घंटा झाली, मी उठलो' यापुढे वाचायला काही नव्हतं. तरी मी पान तसंच धरून बसले.

मला वाटलं रागावतील. वाटलं रडतील. मनाशी एक उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं — घाबरले असतील, पाय गळाले असतील, दुकानात मटकन बसले असतील. माणसाचं होतं असं! त्यांनी एवढंच म्हणावं, मग मी त्यांचा हात धरणार होते. सगळं ठरवलं होतं.

'झोपतो मी,' म्हणाले.

बुधवार, १८ फेब्रुवारी

टीव्ही लावला नाही. दिवसभर. घर एवढं शांत असतं हे माहीत नव्हतं. हे त्या टीव्हीपेक्षा वाईट आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर नवीला थांबवलं. रिकाम्या वर्गात, ती तिच्या बाकावर, मी पुढच्या बाकावर उलटी वळून. सांगितलं तिला. मी तुझ्याशी खोटं बोलले. तो माणूस जिवंत आहे. माझे वडील आहेत.

बाकावर कुणीतरी कोरलेलं नाव ती बोटाने गिरवत राहिली. मला वाटलं, आता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगेल. सांगू दे, असंही वाटलं. एवढं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

'मग तुम्ही त्यांना विचारलं नाही कधी?'

नाही, म्हटलं.

'एका घरात राहून?'

हो.

तिने दप्तर उचललं. दारापाशी थांबली आणि म्हणाली, 'कोरं राहिलं तरी चालेल बाई.' माझी कीव करत होती ती पोर. तिथेच बसून मनसोक्त रडले. शिपाई खोल्या बंद करायला आला, तो बिचारा पलीकडच्या वर्गाकडे वळला. घरी आल्यावर बाबांना वाढलं. ते जेवले नाहीत. मीही नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी ते पान मागितलं. चष्मा लावून वाचलं, कोऱ्या जागेवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, 'मी चहाला गेलो नव्हतो.'

दारातच होते. किल्ली हातात. घंटा झाली तशी दाराजवळच्या पहाऱ्याच्या चौकीतून मालकसाहेबांना फोन केला. आग असो काही असो, विचारल्याशिवाय सगळ्यांना सोडायचं नाही, असा हुकूम होता. साहेब म्हणाले, थांब, मी येतो, माल बाहेर जाईल. बाबा थांबले, साहेब येईपर्यंत, बारा मिनिटं. चहाचं नंतर साहेबांनीच पढवलं.

मी विचारलं, आतलं ऐकू येत होतं?

'येत होतं,' म्हणाले. 'नाव घेऊन हाका मारत होत्या. माझं.'